जहांआराची जीभ

जहांआराच्या जिभेला हाड नाही, असं आमच्या आळीत सगळेच म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. महाडच्या बाजारात ती समोर उभी राहिली की कोळीण आपणहून भाव उतरवायची. महापुराच्या साली आमची दोन्ही घरं माझ्या वरच्या मजल्यावर तीन दिवस अडकली होती. खाली सावित्रीचं पाणी आणि वर हिची बडबड. तेव्हा मी तिला म्हटलं होतं, पाणी एक वेळ ओसरेल, पण तू काही ओसरायची नाहीस.

मी तिची शेजारीण, सारिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणतं आणि मीही सगळ्या गावाला पहिलीतलं समजते. आमचे हे, महिपत, निवृत्त झाल्यापासून पोलादपूरच्या वरच्या वाडीत शेळ्या घेऊन राहतात. शेळ्या उलट बोलत नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे.

जहांआराचे यजमान मुख्तारभाई मूळचे तुडीलचे. मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचा म्होरक्या. पस्तीस वर्षं हा माणूस वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर असायचा. मोबाइल येण्याआधी जहांआरा त्यांना कॅसेटी भरून पाठवायची, दोन्ही बाजू गच्च. त्यात म्हशीचं दुखणं, मुलीचे दात, माझ्या चहाड्या, सगळं असायचं. आता मुलगी लग्न होऊन कुवेतला गेली आहे आणि घरात ही दोघंच. ती बोलते आणि ते ओट्यावर बसून ऐकतात. असा सुखी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या जिभेच्या उजव्या कडेला पांढरट व्रण आला. महिनाभर तिने तो लपवला. मशेरीची सवय, रोज सकाळी दात घासायच्या नावाखाली तोंडात तंबाखूची पूड. मी त्यावरून तिला वीस वर्षं बोलत होते, म्हणूनच ती मला सांगायला घाबरली. तिला तिखट खाता येईना तेव्हा मी ओढतच दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं, कॅन्सर.

जीभ कापावी लागणार, जवळजवळ अर्धी. मानेतल्या गाठीही काढायच्या. डॉक्टर समजावत होते आणि मुख्तारभाई मान हलवत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, की ती वाचली तर बोलेल काय? डॉक्टर म्हणाले, ते कोण करतं आणि कसं करतं यावर आहे.

आता आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की पहिला प्रश्न हातगुणाचा. अमक्याच्या हाताला यश आहे, तमक्याने हात लावला की ताप उतरतो. माझं पित्ताशय ज्यांनी काढलं ते सर्जन दोन तासांवरच्या शहरात आहेत आणि त्यांचा हातगुण पंचक्रोशीत मान्य आहे. मी हट्टाने दोघांना त्यांच्याकडे घेऊन गेले. ओळखीने पहिला नंबर लावला.

तिथे मुख्तारभाईंनी माझी अब्रू काढली. सर्जननी रिपोर्ट पाहिले, धीर दिला, तारीखही सुचवली. तर हे अदबीने विचारतात, की साहेब, जिभेची अशी ऑपरेशनं तुम्ही महिन्यात किती करता? सर्जन म्हणाले, येतील तशी करतो, गेल्या वर्षी दोन-तीन झाली. मग ह्यांचा दुसरा प्रश्न, की ऑपरेशन चालू असताना तुमचं काही चुकतंय असं कुणाला वाटलं तर तुम्हाला थांबवतो कोण? सर्जननी रिपोर्ट खाली ठेवले. म्हणाले, माझ्या थेटरात मला कोण थांबवणार? रागावून नव्हे, खरंच प्रश्न पडल्यासारखं. मुख्तारभाईंनी आभार मानले आणि उठले.

परतताना हायवेवर चहाला थांबलो तेव्हा माझा संताप बाहेर पडला. देवमाणसाला असं विचारतात का, म्हटलं. जहांआराही माझ्या बाजूने. तोंड दुखत असूनही नवऱ्याला तिने दहा मिनिटं सुनावलं. त्यांनी ते नेहमीसारखं ऐकून घेतलं आणि मग मला म्हणाले, "बाई, कप्तान सात समुद्र फिरलेला असतो. पन बंदर आला की बाहेरून पायलट घेतो. तो पायलट काय कप्तानापेक्षा मोठा नसतो. पन त्या खाडीत तो रोज जातो. कुठं गाळ साचलाय ता त्याला म्हायती. तुमचा डॉक्टर मोठा हाय. या खाडीत रोज जात नाय."

जीभ म्हणजे काही बंदर नव्हे, मी फणकारले. "माझ्यासाठी हाय," ते म्हणाले, आणि जहांआराने आपल्या कपातला निम्मा चहा त्यांच्या बशीत ओतला.

मग दुसऱ्या प्रश्नाचं कारण त्यांनी सांगितलं. बाविशीचे असताना त्यांच्या जहाजावर एक नावाजलेला सारंग होता. त्याने बांधलेला दोर कधी सुटत नाही, अशी ख्याती. म्हणजे हातगुणच. एकदा बंदराला जहाज बांधताना मुख्तारभाईंना दिसलं, की जाडजूड दोर एका जागी घासून घासून पिंजला आहे. सांगावंसं वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला कालच्या पोराने काय सांगायचं, आणि सारंगाच्या तोंडाची भीतीही होती. दोर तुटला तो चाबकासारखा उसळला आणि तुडीलच्याच उस्मानचा पाय गुडघ्यातून गेला.

"दोर तुटल्यान नाय गेला त्याचा पाय," मुख्तारभाई म्हणाले. "मी गप रायलो म्हणून गेला."

पुढे ते स्वतः सारंग झाले तेव्हा त्यांच्या डेकवर एकच कायदा होता. कुणी काही चुकलेलं सांगायला आला, स्वतःची चूक असली तरी, की आधी त्याला बसवून चहा पाजायचा आणि मग बोलायचं. चौदा वर्षांत त्यांच्या डेकवर कुणाचं बोटसुद्धा तुटलं नाही. मी ते ऐकलं, पण पटवून घेतलं नाही. बत्तीस वर्षं वर्गात मला कुणी थांबवलेलं नव्हतं.

शेवटी मुंबईतल्या एका कॅन्सरच्या हॉस्पिटलात गेलो. सर्जन पन्नाशीच्या बाई, चणीने इतक्या लहान, की मी त्यांना आधी शिकाऊ समजले. मुख्तारभाईंनी तेच दोन प्रश्न विचारले. पहिल्याला बाई म्हणाल्या, आमची तुकडी आठवड्याला चार-पाच जिभा करते. मी एकटी नाही हं, तुकडी. एक जण जीभ काढतो, दुसरा मनगटाची कातडी आणून ती जोडतो, आणि बोलायला शिकवणारी बाई ऑपरेशनच्या आधीच येऊन भेटते. दुसऱ्या प्रश्नाला त्या हसल्या आणि दारातून जाणाऱ्या नर्सला हाक मारली. गौतमी तिचं नाव. फार तर पंचविशीची असेल.

"गौतमी, तू मला शेवटचं कधी थांबवलंस?"

"परवा, मॅडम. मोजताना रक्त टिपायचा एक गॉज कमी भरला होता."

"मग?"

"मग तुम्ही थांबलात. सापडल्यावर पुढे गेलो."

मुख्तारभाईंनी बायकोकडे बघून मान हलवली. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

आमच्यात कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवायची. परीक्षेला जाणारं पोर असो की सैन्यात जाणारा जवान, दही चाटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. माझ्या हातचं दही खाऊन जहांआराची मुलगी कुवेतच्या विमानात बसली. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसहाला मी वॉर्डात गेले ती पर्समध्ये दह्याची डबी घेऊनच. रात्रीपासून काही खायचं नाही, हे मला माहीत होतं. भिंतीवर लिहिलेलं होतं, गौतमीने दोनदा सांगितलं होतं. पण खाणं म्हणजे पोळी-भाजी, नाही का? एक चमचा दही म्हणजे शकुन. मुख्तारभाई नमाजाला गेले होते. मी तिच्या तळहातावर दही ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, डोळे भरले आणि चाटून घेतलं.

सव्वासातला ढकलगाडी आली. थेटरच्या दाराशी गौतमीने कागद बघून विचारायला सुरुवात केली. नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं, रात्रीपासून काही खाल्लंय-प्यायलंय का. जहांआराने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाय," ती म्हणाली.

माझी लाज राखायला ती खोटं बोलली. दार बंद झालं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते आता आठवलं: भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि फुप्फुसात गेलं तर माणूस दगावू शकतो. पाण्याला दोन तास चालतात, दुधाच्या पदार्थाला सहा. मी तिथेच बाकावर बसले. मनात म्हटलं, एका चमच्याने काय होतंय. सांगितलं तर ऑपरेशन रद्द करतील, पुन्हा तीन आठवडे थांबवतील, गाठ तेवढ्यात वाढेल. कदाचित ह्या अडाणी लोकांना घरी पाठवा म्हणतील. आणि मी, सबंध तालुक्याला शिस्त शिकवलेली बाई! झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजारी मुख्तारभाई येऊन बसले, हातात तसबीहची माळ. मला म्हणाले, तुम्ही होतात म्हणून मला धीर होता.

तेवढं एक वाक्य मला सोसलं नाही. उस्मानचा पाय मी कधी पाहिला नव्हता, पण त्या क्षणी मला तो दिसला. मी उठले आणि थेटरचं दार वाजवलं. रखवालदार अडवायला आला, त्याला बाजूला सारून पुन्हा वाजवलं. गौतमी बाहेर आली.

"मी तिला दही दिलं," मी म्हटलं. "साडेसहाला. ती खोटं बोलली माझ्यासाठी. थांबवा."

गौतमीने मला एक शब्द विचारला नाही. ती उलट्या पावली आत पळाली. मुख्तारभाई जागेवरून उठले होते आणि माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

दहा मिनिटांनी सर्जनबाई बाहेर आल्या, डोक्याला टोपी तशीच. मी ओरडा खायची तयारी केली. मुलांना छडीआधी हात पुढे करायला लावायचे दिवस मला आठवले. बाईंनी विचारलं, किती दिलं, नक्की किती वाजता, दह्याशिवाय आणखी काही. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, भूल दिलेली नाही, ती ठीक आहे, आज दुसऱ्या पेशंटला पुढे घेतो, उद्या पहिला नंबर हिचा.

"मला रागवा हो," मी म्हटलं. मला खरंच ते हवं होतं.

"तुम्हाला रागावले तर उद्या दुसरी कुणी दार वाजवणार नाही," बाई म्हणाल्या. मग त्या गौतमीकडे वळल्या. आपल्या प्रश्नातून हे निसटलं कसं, असं विचारू लागल्या, जणू मी तिथे नव्हतेच. गौतमी जरा विचार करून म्हणाली, मॅडम, आपण खाल्लं का विचारतो, आणि दह्याला कुणी खाणं म्हणत नाही. प्रसादालाही नाही. आमची आजी तर मशेरीलाही खाणं म्हणणार नाही. बाईंनी खिशातून पेन काढून तिथेच तिच्या कागदावर लिहिलं.

त्या दिवसभर मी मुख्तारभाईंशी बोलले नाही. संध्याकाळी ते कॅन्टीनमधून आले आणि माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. मग मात्र माझा बांध फुटला, आणि म्हातारे बिचारे माझ्याभोवती रुमाल शोधत फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी थेटरच्या दाराशी गौतमीने विचारलं, की दही, साखर, प्रसाद, तीर्थ, जमजमचं पाणी, पान, मशेरी, यातलं काही तोंडात गेलंय का? जहांआरा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आज हिला माझ्या जवळ येव दिला नाय कुनी." अख्ख्या जिभेने ती बोलली ते हे शेवटचं वाक्य. नऊ तासांनी बाईंनी येऊन सांगितलं, सगळं निघालं, कातडी नीट जोडली आहे. पंधरा दिवसांनी मानेतल्या गाठींचा अहवाल आला, तोही स्वच्छ. एवढं चांगलं झालं, की मला देवाचे आभार मानायचे की गौतमीच्या कागदाचे ते कळेना. मी दोघांचे मानले.

पण जहांआरा बोलेना. बोलता येत होतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी खात्री दिली होती की रोज सराव केला तर समजेल इतपत नक्की येईल. पण महाडला आल्यावर मुख्तारभाई खोलीत आले की ती ओढणी तोंडावर घ्यायची आणि मोबाइलवर लिहून दाखवायची. जिच्यापुढे कोळीण नमायची, तिचा 'त' आता तोंडातल्या तोंडात सांडत होता. ते तिला नवऱ्याला ऐकवायचं नव्हतं. ओट्यावर ते एकटे बसायला लागले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "जीव वाचला, अल्लाचे उपकार. पन घर मुका झाला, बाई."

मग मी माझं जुनं हत्यार काढलं. बाराखडीचा तक्ता तिच्या स्वयंपाकघरात टांगला आणि रोज अकरा वाजता, ते बाहेर गेले की, दार लावून शाळा भरवली. ओठांचे प-फ-ब-भ-म पहिल्याच दिवशी आले. क-ग चारेक दिवसांत. त-द-ल-न रडवायचे आणि 'र' तर हाती लागेना. ती चिडून तक्ता फाडायला निघायची, मी पट्टी दाखवायचे. आयुष्यात इतकी आडमुठी विद्यार्थिनी मला मिळाली नाही आणि इतकी लाडकीही नाही.

एके दिवशी तिने माझ्या हातातली वही ओढून घेतली. सरावाचा शब्द आज मी निवडणार, असं खुणेने सांगितलं आणि लिहिलं: मुख्तार. मी चमकले. आमच्या पिढीत, हिंदू असो की मुसलमान, नवऱ्याचं नाव बायको तोंडाने घेत नाही. मीसुद्धा महिपत हे नाव कागदावर लिहिते तेवढंच. चाळीस वर्षं तिने त्यांना 'अवो' म्हणून हाक मारली होती. आणि आता जीभ अर्धी गेल्यावर हिला ते नाव हवं होतं, ज्यात 'त'ही होता आणि 'र'ही. मी म्हटलं, सोपं काहीतरी घे. तिने मान हलवली.

अकरा दिवस आम्ही तेवढा एकच शब्द घोटला.

शुक्रवारी दुपारी मुख्तारभाई नमाजाहून आले आणि ओट्यावर बसून चपला काढायला लागले. मी खिडकीशी होते. जहांआराने ओढणी खांद्यावर टाकली, चुलीकडे तोंड केलं आणि हाक मारली. त्यांनी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. कुणी मित्र हाक मारतोय, असं वाटलं असावं. मग मला विचारलं, कोण बोलावतंय? मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका.

तिने पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्याने. आणि ते हललेच नाहीत तेव्हा तिचा पारा चढला. "बहिरे झाले काय?" त्यातला 'र' लंगडा होता, पण राग अगदी शाबूत होता.

मुख्तारभाईंनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत होते की हसत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती घाबरून तोंड न झाकताच बाहेर धावली, त्यांच्याशेजारी बसली आणि बोलायला लागली. संपलेल्या गॅसबद्दल, दीड महिना भाव वाढवून बसलेल्या कोळणीबद्दल, माझ्या पट्टीबद्दल. अर्धंमुर्धं कळत होतं, उरलेलं आम्ही मान हलवून घेत होतो. जेवायला त्या दिवशी चार वाजले, आणि तेव्हाही ती बोलतच होती.